खोलीची उजवी बाजू

१

दुपारी तीनच्या सुमारास भांडी विसळून झाली की स्तामेन कपाटातून एखादी रेकॉर्ड काढायचा. नेव्याना कोचाच्या मधोमध बसून पायांवर शाल घ्यायची. सुई टेकली की पुढचा तासभर दोघांपैकी कुणी बोलायचं नाही.

डोळे गेल्यापासून दिवसातला हा एकच तास तिचा उरला होता. सव्वीस वर्षं ती रूसे शहराच्या ऑपेरात समूहगायनात होती. खालच्या सुरात गाणाऱ्या बायका मंचाच्या उजव्या टोकाला उभ्या राहत, त्यांत दुसऱ्या रांगेत ती. काचबिंदूने आधी तिचा डावा डोळा नेला, मग उजवा. त्यानंतर त्यांनी जिन्यांचं, अंगणाचं जुनं घर विकलं आणि डॅन्यूबच्या काठावर हा फ्लॅट घेतला. तिसरा मजला, इमारतीचं अगदी शेवटचं टोक. बैठकीची खोली चार मीटर वीस लांब आणि तीन मीटर साठ रुंद. हे आकडे स्तामेनने स्वतः फीत लावून काढलेले होते. चाळीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस. दुसऱ्याने सांगितलेला आकडा त्याच्या घशाखाली उतरत नसे.

लहान घर आंधळ्या माणसाला सोपं जाईल असा त्याचा अंदाज होता. तो साफ चुकला. नेव्यानाच्या अंगात मोठ्या घराची चाल मुरलेली. इथे ती दिवसातून दहा वेळा कशाला तरी धडकायची. तिच्या नडग्यांवर एक डाग पिवळा पडेपर्यंत दुसरा निळा उमटलेला असे.

"हे घर नाही, व्हायोलिनची पेटी आहे," ती म्हणायची. "आणि तू आत चेलो कोंबलायस."

नोव्हेंबरात एके दुपारी, रेकॉर्ड अर्ध्यावर असताना, जळका वास आला. आधी उजवा स्पीकर गप्प झाला, मग डावा. जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीतून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि विरून गेली.

"गेला का रे?" नेव्यानाने विचारलं.

"गेला."

तिने पायांवरची शाल काढली. मग शालीची घडी करत म्हणाली, "नवा आण. लवकर आण, स्तामेन. दुपारचं मला दुसरं काही नाही."

२

हारालांपीचं दुकान बाजारपेठेमागच्या गल्लीत होतं. एका कानाने बहिरा असलेला हा माणूस पस्तीस वर्षं गाण्याची यंत्रं विकत होता, आणि त्याचं त्याला स्वतःलाच हसू यायचं.

"खोली केवढी?" त्याने विचारलं.

"चार वीस बाय तीन साठ."

"अंदाजे सांग रे, इंजिनियर." स्तामेन इंजिनियर नव्हता, पण मोजणी खात्यातल्या कुणालाही रूसेत लोक इंजिनियरच म्हणत.

"मी अंदाजे काही सांगत नाही."

"मग ऐक. एवढ्याशा खोलीसाठी लोक शंभर वॉटचं धूड उचलून नेतात आणि जन्मभर आवाजाचं बटण पाव फिरवण्यापलीकडे जात नाहीत. नांगराचा बैल स्वयंपाकघरात बांधल्यासारखं. तुला चाळीस वॉट म्हणजे डोक्यावरून पाणी. लहान खोलीत प्रश्न ताकदीचा नसतो, भिंतींचा असतो. भिंती गाण्यात तोंड घालतात."

"मग?"

"तीन देतो, एकामागून एक घरी नेऊन बघ. आधी हा रिसीव्हर ने, ॲम्प्लिफायरचाच नवा अवतार. ह्याच्याबरोबर छोटा माईक येतो. तुम्ही बसता तिथे तो ठेवायचा. यंत्र दोन्ही स्पीकरमधून आवाज सोडतं, कुठला किती लांब आहे ते स्वतःच काढतं आणि त्याप्रमाणे गाणं जुळवून घेतं. तुझाच भाऊबंद आहे. फक्त एक कर, कानाने निवड. तुझ्या नाही, तिच्या."

घरी येऊन स्तामेनने वायरी जोडल्या. कोचावर पुस्तकांची चळत रचून तिच्यावर, नेव्यानाचं डोकं येईल त्या उंचीला, माईक ठेवला. नेव्यानाला स्वयंपाकघरात बसवलं. यंत्राने डावीकडून पक्ष्याच्या शिळेसारखा एक चढता आवाज सोडला, मग उजवीकडून. यंत्राच्या काचेवर आकडे आले. डावा स्पीकर: दोन मीटर दहा. उजवा स्पीकर: सहा मीटर ऐंशी.

स्तामेनने चष्मा पुसला. खणातून फीत काढली, कोचापासून दोन्हीकडे ताणली. दोन दहा. दोन दहा. सेंटिमीटरचा फरक नव्हता.

त्याने यंत्राला पुन्हा मोजायला लावलं. दोन दहा आणि सहा नव्वद.

मग तो त्याच्या पद्धतीने कामाला लागला. स्पीकर अदलून पाहिले, वायरी अदलून पाहिल्या, आरसा उतरवला, पडदे ओढले. आकडा जागचा हलेना. दोष स्पीकरचा असता तर स्पीकरबरोबर डावीकडे गेला असता. वायरीचा असता तर वायरीबरोबर. चूक उजव्या कोपऱ्यात होती आणि तिथेच बसून होती. त्या कोपऱ्यामागची भिंत ही इमारतीची शेवटची भिंत. तिच्यापलीकडे तिसऱ्या मजल्याची हवा, खाली पॉपलरची झाडं, मग नदी, मग रोमानिया.

शेवटी त्याने उजवीकडचा आकडा हाताने बदलून दोन दहा केला आणि रेकॉर्ड लावली. नेव्याना येऊन बसली. दोन मिनिटांनी तिने मान उजवीकडे वळवली.

"स्तामेन, तिकडचं दार उघडलंस का?"

"तिकडे दार कुठंय?"

"हो की," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

३

"माईक फसतो," हारालांपी म्हणाला. "आवाज भिंतीवर आपटून उशिरा परततो आणि त्या बिचाऱ्याला वाटतं स्पीकर लांब आहे. होतं असं लहान खोलीत."

"सगळ्यांचं होतं?"

"पुष्कळांचं होतं. किती म्हणालास?"

"सहा नव्वद."

"आणि खोली लांबीला चार वीस." हारालांपीने हातातला स्क्रू ड्रायव्हर फडक्याला पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "यंत्रच बिघडलेलं असेल. हा दुसऱ्या कंपनीचा ने. ह्याची खात्री देतो."

दुसऱ्या रिसीव्हरने उजवा स्पीकर आठ मीटर चाळीसवर दाखवला. दुसऱ्या दिवशी नऊ दहा. आठवडा संपता संपता अकरा सत्तर. डावा मात्र निमूट दोन दहावर होता.

स्तामेन रोज नेव्याना आंघोळीला गेली की चोरून मोजायचा. आपण काय चोरतोय हे त्याला कळत नव्हतं. तो उजव्या भिंतीला तळवा लावायचा. थंड भिंत, नोव्हेंबरात असते तेवढीच थंड. भिंतीला चिकटवलेल्या कागदावरची फिकट हिरवी पानं जिथल्या तिथे. बोटाच्या पेराने ठोकलं की भरीव आवाज. अडाणी माणसाने घाबरावं, त्याने स्वतःला बजावलं. तू यंत्रं वापरून म्हातारा झालास. यंत्रं खोटं बोलतात. थंडीत धातू आकसतो, काचेत धुकं धरतं. डोळ्याला दिसतं ते खरं, आणि डोळ्याला खोली चार वीसच दिसते.

पण नेव्याना खूश होती, हेही डोळ्याला दिसत होतं.

"हाच ठेव रे," ती म्हणाली. "डावीकडे ठीकठाक आहे, पण उजवीकडे! केवढं खोल गेलंय. एकेक बाई कुठे उभी आहे ते बोट दाखवून सांगीन. तुला नाही ऐकू येत?"

"मला सारखंच वाटतं."

"तुझे कान सरकारी. शिक्का मारल्याशिवाय काही आत घेत नाहीत."

गेल्या दोन वर्षांत तिने त्याची अशी थट्टा केली नव्हती. त्या शनिवारी तिने त्याच्याकडून खिडकीजवळची खुर्ची उचलवली आणि उजव्या कोपऱ्यात, स्पीकरच्या शेजारी नेऊन ठेववली. आपण आता तिथेच बसणार म्हणाली. स्तामेनला नाही म्हणायला कारण सापडेना. रात्री झोपताना तिने मोजे काढले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, तिच्या नडग्यांवरचे डाग फिके पडले होते आणि नवा एकही नव्हता.

४

तरी त्याने तो रिसीव्हर परत केला. हारालांपीकडून तिसरं यंत्र घेतलं ते साधं होतं. पुढे तीन बटणं, मागे वायरींची भोकं. माईक नाही, काच नाही, आकडे नाहीत.

"खरं सांगू? पहिल्या दिवशी हाच द्यायचा माझ्या मनात होता," हारालांपी म्हणाला. "लहान खोलीला याच्याहून जास्त काही लागत नाही. पण तुला मोजायची हौस."

"आता नाही."

"तू? मोजणार नाहीस?" हारालांपी हसू लागला, आणि स्तामेनचा चेहरा पाहून थांबला. "घरी सगळं बरं आहे ना?"

"नेव्याना खूश आहे," स्तामेन म्हणाला.

न मोजलं तर वाढणार नाही. हा विचार किती पोरकट आहे ते त्याला कळत होतं, पण पहिले आठ-दहा दिवस तो खरा ठरल्यासारखं वाटलं. दुपारचा तास पुन्हा लागला. स्तामेनला पूर्वीसारखी कोचावर डुलकीही लागू लागली.

डिसेंबरच्या मध्यावर, एका दुपारी, रेकॉर्डची बाजू संपली तेव्हा तो उठला. "चहा करू?" त्याने विचारलं. नेव्याना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिने त्याच्याकडे तोंड केलं, तिचे ओठ हलले आणि मिटले. मग आवाज आला.

"कर. लिंडेनच्या फुलांचा कर."

स्तामेन जागीच उभा राहिला. मोजणीच्या दिवसांत त्याने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. दरीच्या पलीकडे माणूस खुंटी ठोकत असतो. दुर्बिणीतून हातोडा खुंटीवर पडलेला दिसतो. हातोडा पुन्हा वर उचलला जातो तेव्हा कुठे ठोका ऐकू येतो.

"साखर किती?" त्याने विचारलं. तिला साखर चालत नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ओठ हलले. थांबले. "डोकं ठिकाणावर आहे का? साखर कधी घेते मी?"

त्याने मनात आकडेमोड केली, न करता राहवेना म्हणून. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. पाव सेकंद असेल. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी मीटर. त्याच्यात आणि तिच्यात एक कोच होता आणि एक स्टूल.

आपलं वय झालंय, त्याने ठरवलं. डोळे आणि कान यांची जोडी मेंदूत कुठेतरी सुटली असेल. वैद्यकीय नाव असेल त्याला काहीतरी. तो स्वयंपाकघरात गेला, किटली ठेवली, आणि तिच्यावर हात शेकत उभा राहिला.

५

नाताळ आला आणि गेला. नदीवर धुकं उतरलं ते हलेना. तीन-तीन दिवस रोमानिया दिसत नसे. स्तामेन नेव्यानाला प्रश्न विचारायचा टाळू लागला, कारण प्रत्येक प्रश्नानंतर उत्तराची वाट पाहावी लागे. उजेड असताना तो तिच्या ओठांकडे न बघता बोलायचा.

शेवटी एके सकाळी कपडे घड्या करता करता त्याने विषय काढला.

"तुझ्या पायांवरचे डाग गेले."

"हं." स्वयंपाकघरात तिचा आवाज वेळेवर यायचा. फक्त त्या खोलीतच यायचा नाही. "आता धडकत नाही ना मी. तू बाजारात जातोस तेव्हा चालते जरा."

"कुठे?"

"तिथेच. खुर्चीपासून पुढे."

"पुढे भिंत आहे, नेव्याना."

तिने हातातला टॉवेल मांडीवर सपाट केला. लहान मुलाला समजावताना आपण आवाज उतरवतो तसा तिने उतरवला. "काल मी चाळीस पावलं चालले. भिंत लागली नाही. तुझं नाव घेत परत आले."

"चाळीस."

"मोजून. तुझ्याकडूनच शिकले मोजायला."

"तिथे आहे काय?"

"मोकळं आहे. जमीन लाकडाची आहे, जुनी. एकदा कुणीतरी खोकलं. गाणं सुरू व्हायच्या आधी माणसं घसा साफ करतात ना, तसं."

"रेकॉर्डमधलं असेल."

"रेकॉर्ड बंद होती. मग एकीने पान उलटलं. खूप जणी आहेत रे, पण गात कुणी नाही. कशासाठी तरी थांबल्यात."

"तू पुन्हा जायचं नाहीस." तो एवढ्या जोरात बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "ते यंत्र मी उद्या परत देतो. आपण तुझी खुर्ची हलवू. हे घरसुद्धा बदलू."

नेव्यानाने टॉवेलची घडी घातली.

"तुला एक सांगू? इथे मी आंधळी आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसतं आणि मला दिसत नाही. तिथे कुणालाच दिसत नाही. तिथे माझं काही अडत नाही, स्तामेन. दोन वर्षांनी पहिल्यांदा मी हात पुढे न धरता चालले. ते तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

त्याने ते काढून घेतलं नाही. उद्या देतो, उद्या देतो म्हणत दिवस गेले. पुढे तो स्वतःला दोष द्यायचा तो याच दिवसांबद्दल.

६

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तो पाव आणि कांद्याची पात घेऊन परतला. आत रेकॉर्ड संपून सुई शेवटच्या खाचेत टकटक करत होती. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती.

तो स्वयंपाकघरात गेला, न्हाणीघरात, झोपायच्या खोलीत. बाल्कनीचं दार आतून लावलेलं होतं. तिची काठी खुंटीला, कोट खुंटीला, बूट जागेवर. तो बैठकीच्या खोलीत परत आला. सुई उचलली, यंत्र बंद केलं, वायर भिंतीतून उपटली.

"नेव्याना!"

काही नाही. एक. दोन. तीन.

"इथेच आहे रे." बारीक, स्वच्छ, उजव्या कोपऱ्यातून.

कोपऱ्यात बंद स्पीकर होता, रिकामी खुर्ची होती आणि हिरव्या पानांचा कागद होता. हाक गेली आणि उत्तर आलं, तीन सेकंद. जायला दीड, यायला दीड. अर्धा किलोमीटर. म्हणजे नदीच्या ऐन मध्यावर.

"परत ये!" तो ओरडला.

एक. दोन. तीन. चार. "वाट सापडत नाही. तू बोलत राहा."

स्तामेनने भिंतीकडे पाहिलं. जोवर तो पाहत होता तोवर ती भिंतच होती. त्याने खुर्ची बाजूला केली, डोळे घट्ट मिटले, हात पुढे केला आणि पाऊल टाकलं.

एक, दोन. तिसऱ्या पावलाला बोटांना कागद लागायला हवा होता. चार. पाच. पायाखाली गालिचा होता तो सातव्या पावलाला संपला आणि फळ्या लागल्या. त्याच्या पावलांचा आवाज बदलला. तो आता त्याच्याकडे परत येत नव्हता. हवा गार होती, पण वारा नव्हता. तो मोजत होता आणि मधूनमधून तिला हाक मारत होता. ती ओ देत होती, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर. तीही त्याच्याकडे येत असावी. शंभराच्या पुढे कुठेतरी त्याला जाणवलं की दोन्ही बाजूंना माणसं आहेत. श्वास ऐकू येत होते, शांत, वाट पाहणारे. एक पान उलटलं. त्याने डोळे उघडले नाहीत.

दोनशे बाराव्या पावलाला त्याच्या हातात हात आला. गार, पण तिचाच. बोटात अंगठी, अंगठ्याच्या मुळाशी सुरीने कापल्याचा जुना व्रण. एकेचाळीस वर्षांच्या संसारात माणूस हात ओळखायला चुकत नाही.

"आलास?" ती अगदी कानाशी म्हणाली. मध्ये एक क्षणसुद्धा गेला नाही.

त्याला रडू फुटलं. "चल," तो म्हणाला. "घरी चल." तिचा हात धरून तो मागे वळला, आणि खोली कुठल्या दिशेला आहे ते बघायला म्हणून त्याने डोळे उघडले.

काळोख होता. त्या काळोखात खूप लांब, पोस्टाच्या तिकिटाएवढी, त्यांची बैठकीची खोली दिसत होती. खिडकीतला धुक्याचा पांढरा उजेड, कोचाची कड, टेबलावर त्याने टाकलेली कांद्याची पात. आणि त्याने बाजूला सारलेल्या खुर्चीत नेव्याना बसली होती. पायांवर शाल. तोंड त्याच्या दिशेला. तिचे ओठ हलले आणि मिटले.

त्याच्या हातातला हात किंचित घट्ट झाला.

स्तामेनने सवयीने मोजलं. एक.

"स्तामेन?" लांबून आवाज आला. "कुठे आहेस तू? मी इथे आहे."

त्याने हात सोडला. का सोडला, हे त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही, स्वतःलासुद्धा. आयुष्यभर जे डोळ्याला दिसलं तेच त्याने खरं मानलं होतं. त्या लहानशा उजेडाकडे बघत तो धावत सुटला. मागून त्याला कुणी हाक मारली नाही. कुणी रडलंही नाही. फक्त सगळीकडून एकदम, खूप छात्यांनी मिळून श्वास आत घेतल्यासारखा एक आवाज झाला. तो पुरा व्हायच्या आत स्तामेनचा गुडघा कोचावर आदळला.

७

हारालांपीने यंत्र परत घेतलं. एवढंच नव्हे, तो माईकवाला रिसीव्हर काखेत मारून स्वतः घरी आला. दोन दहा आणि दोन दहा. त्याने तीनदा मोजून दाखवलं.

"बघ, इंजिनियर! बरी झाली तुझी खोली," तो म्हणाला. "आता सांग, कुठला ठेवू?"

"काही नको," नेव्यानाच म्हणाली. "घरात रेडिओ आहे, तो पुरे. चहा घेणार ना तुम्ही?"

तिचे ओठ आणि तिचा आवाज एकाच वेळी येत होते. स्तामेनने नंतर पुष्कळ दिवस बारीक लक्ष ठेवलं. कधीच फरक पडला नाही. ती पूर्वीसारखीच बोलायची, पूर्वीसारखीच झोपायची. त्याच्या हातावर हात ठेवायची तेव्हा अंगठी होती, अंगठ्याच्या मुळाशी व्रण होता. तो स्तामेनने तिच्या नकळत दोन-दोनदा तपासला. खोलीत ती आता सहज वावरायची. कशालाच धडकत नव्हती. स्टूल मुद्दाम आडवं ठेवलं तरी ती वळसा घालून जायची. स्तामेनने ते एकदाच करून पाहिलं, आणि मग लाज वाटून स्टूल उचलून ठेवलं.

त्या दुपारी काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. हारालांपीला नाही, तिला तर नाहीच. तिने विचारलंही नव्हतं. कोचावर आदळून तो हुंदके देत पडला होता तेव्हा तिने फक्त त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि पात निवडायला मागितली होती.

एक मार्चला तिने रिवाजाप्रमाणे त्याच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधायला घेतला. थंडी अजून होती, पण नदीवरचं धुकं निघालं होतं आणि पलीकडचा काठ दिसत होता. तिची बोटं गाठ मारत होती. आंधळ्या माणसाची बोटं चाचपडतात, तशी ती चाचपडत नव्हती.

"स्तामेन," ती म्हणाली, "तू हात सोडलास तेव्हा ती काही म्हणाली का रे?"

रस्त्यावरून एक ट्रॉलीबस गेली. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

"नाही," स्तामेन म्हणाला. ते खरंच होतं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि गाठ आवळली.